खुशाली विचारू नये

"ताई! अगं ताई! कशी आहेस?"

हाक रस्त्याच्या पलीकडून आली आणि ऑपरेटरबाईने मान खाली घातली. नुसती घातली नाही, घालून चालूही लागली. ती हॉस्पिटलच्या फोनवर बसायची, म्हणून तिथे तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. आपणही तेच म्हणू, पण अहोजाहो नको, कारण ही गोष्ट तिच्या घरातली आहे आणि घरात तिला अहोजाहो करणारं कुणी नव्हतं. अगंतुगं करणारंही उरलं नव्हतं, तो भाग वेगळा. तर ती चालत राहिली. औषधांच्या दुकानासमोर बस थांबली होती, तिच्यातून उतरलेली बाई पिशवी छातीशी धरून उभी होती, भांगाशी केस पांढरे झालेले, आणि ती तिची सख्खी धाकटी बहीण होती. हे सगळं ऑपरेटरबाईने एका नजरेत पाहिलं होतं, मान खाली घालण्याच्या आधी. म्हणजे दिसलं नाही म्हणायची सोय नव्हती. ऐकू आलं नाही म्हणायचीही नव्हती, कारण जिची उभी हयात हेडफोन कानाला लावण्यात गेली तिच्या कानांवर कोण संशय घेणार? कोपऱ्यावर वळेपर्यंत तिला वाटत होतं की दुसरी हाक येईल. आली नाही. आली असती तर आपण थांबलो असतो का, हे ती जिना चढता चढता स्वतःला विचारत राहिली, आणि दार उघडून आत आली तरी उत्तर काही सापडलं नाही.

नियम होता, हे खरं. आज आव महिन्याची नववी. ज्यू लोकांच्या वर्षातला सगळ्यात काळा दिवस. यरुशलेममधलं देवाचं घर एकदा नाही, दोनदा पडलं आणि दोन्ही वेळा याच तारखेला पडलं असं मानतात, म्हणून आदल्या संध्याकाळपासून अन्न नाही, पाणी नाही, अंघोळ नाही, पायात कातडी चप्पल नाही. दुपारपर्यंत खुर्चीवर बसायचं नाही, जमिनीवर बसायचं, घरातलं माणूस गेल्यावर बसतात तसं. आणि कुणी कुणाची खुशाली विचारायची नाही. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, लोक येतात, मंद दिव्यांत विलाप वाचले जातात, आणि मग जो तो कापडी बूट घसटत आपापल्या घरी जातो. 'काय कसं काय' नाही की 'बरंय ना' नाही. ऑपरेटरबाई आत्ता तिथूनच आली होती. पोटात कालपासून काही नव्हतं, जीभ टाळूला चिकटली होती, आणि अशा वेळी अवचित कानावर पडलं, कशी आहेस.

आता खरं सांगायचं तर तिला हा दिवस आवडायचा. दुःखाचा दिवस आवडतो म्हणणं शोभत नाही, म्हणून हे ती कुणाला बोलली नव्हती, आणि बोलणार तरी कुणाला? पण आवडायचा. वर्षातले बाकीचे सगळे दिवस ती एकटी असायची आणि बाकीचे लोक नसायचे. या एका दिवशी सगळेच एकटे असायचे, आणि तेही नियमाने. सिनेगॉगमधल्या त्या जाड्या शिंपीणबाई, ज्या एरवी चार बायकांच्या घोळक्यात हसत उभ्या असायच्या आणि हिच्याकडे बघून नुसती मान हलवायच्या, त्यासुद्धा आज भिंतीशी पाय पसरून एकट्याच बसायच्या. प्रार्थना सांगणारे काका, ज्यांना एरवी लग्नाकार्यांची शंभर आमंत्रणं, तेही आज गुपचूप जिना उतरून जायचे. तिला वाटायचं, बसा आता. कळू दे जरा. आणि मग स्वतःचीच लाज वाटायची, की देवाचं घर पडल्याचं दुःख करायचं सोडून हे काय मनात आणतेस? पण मनाला कोण आवर घालणार. मन म्हणजे काही स्विचबोर्ड नव्हे की नको ती लाईन कापून टाकली.

हॉस्पिटलचा बोर्ड मात्र तिच्या हातात होता. "नमस्कार, बोला." हे दोन शब्द ती दिवसभर म्हणायची, आणि असे म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई आपल्याच फोनची वाट बघत बसली होती. कुणाला हृदयाचे डॉक्टर हवेत, कुणाला प्रसूतीचा वॉर्ड, कुणाला नुसतंच रडायचंय. ती सगळ्यांना योग्य त्या ठिकाणी जोडून द्यायची आणि जोडलं की स्वतः बाजूला व्हायची. कामच तसं. ऑपरेटरने मध्ये राहायचं नसतं. एकदा लिफ्टमध्ये एक मोठे सर्जन होते. तिच्याशी रोज फोनवर "काय बाई, आज खुशीत दिसताय" म्हणणारे. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मग तिने लिफ्टवाल्याला "चौथा" म्हटलं आणि ते दचकून वळले. "अरेच्चा, तुम्ही का त्या?" म्हणाले. जणू भिंत बोलली. सुट्टीच्या दिवशी घरात बोलायला कुणी नसल्याने तिचा आवाज गंजायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीत नळ सोडून "नमस्कार, बोला, नमस्कार, बोला" करत आवाज मोकळा करून घ्यायची. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ. नाहीतर म्हणायचे, बाईचं डोकं फिरलं.

ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. समोर जेवणाचं टेबल, त्याच्या दोन खुर्च्या, खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा. खाली बसलं की घर वेगळंच दिसतं, टेबलाची खालची बाजू दिसते, तिथे सुताराने पेन्सिलीने केलेली खूण अजून होती. नियम होता, तिने पुन्हा मनाशी म्हटलं. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, हो का? मग आईचा पेपरवाला विसरलीस वाटतं? विसरली नव्हती. लहान असताना याच दिवशी सकाळी पेपर टाकणारा दारात आला होता आणि दात काढून म्हणाला होता, "काय मावशी, बऱ्या आहात ना?" दोघी बहिणी श्वास रोखून बघत होत्या, की आता आई काय करते. आई दारापर्यंत गेली, मान किंचित खाली घातली आणि अगदी हळू म्हणाली, "आहे रे बाबा. तू बरा?" तो गेल्यावर धाकटी उसळलीच. "आई! आज बोलायचं नसतं ना!" आई म्हणाली, "आपण होऊन विचारायचं नसतं. पण ज्याला ठाऊक नाही त्याने विचारलं तर उत्तर द्यायचं. हळू आवाजात द्यायचं, पण द्यायचं. नियम तसाच आहे. आपलं दुःख आहे म्हणून त्या बिचाऱ्याचं तोंड का पाडायचं?" म्हणजे नियम पुरता माहीत होता. अर्धा तेवढा पाळला होता. रस्ता ओलांडायचीही गरज नव्हती. नुसतं मान वर करून ओठ हलवले असते, तरी भागलं असतं. मग जीभ का उचलली नाही? उपासाने? छे. एवढ्या वर्षांनी ही समोरून येते आणि कशी आहेस विचारते, जशी काही कालच भेटली होती! तोच राग आला होता. आणि रागाच्या मागून दुसरं काहीतरी आलं होतं, त्याला ती नाव देत नव्हती.

भांडण झालं होतं म्हणावं, तर तेही नाही. भांडण झालं असतं तर एव्हाना मिटलंही असतं. धाकटीने परधर्मातल्या माणसाशी लग्न केलं, तो फ्रिज दुरुस्त करणारा. आई तेव्हा कपाळ बडवून म्हणाली होती, "फ्रिज दुरुस्त करायला आला आणि माझी पोरगी घेऊन गेला." वर्षभर आईने तिचं नाव काढलं नाही. आणि एके दिवशी आईच म्हणाली, "फ्रिज थंड करत नाहीये, बोलाव त्याला." तो आला, धाकटी त्याच्यामागून आली, आईने फ्रिजकडे तोंड करून दोघांना चहा दिला. मग तो फ्रिज दर महिन्याला बिघडू लागला. मेहुणा बिचारा टॉर्च घेऊन मागे वाकायचा, आणि त्याला प्लग निघालेला दिसायचा. पहिल्यांदा त्याने सांगितलं, "प्लग निघालाय." नंतर नंतर तो काही न बोलता मागे बराच वेळ खुडबूड करायचा, मायलेकींचं बोलून होईपर्यंत, आणि मग उठून म्हणायचा, "मोठं काम होतं." माणूस चांगलाच होता. आई गेली त्यानंतर तो फ्रिज एकदाही बिघडला नाही. मेला कोपऱ्यात घरघरत असतो.

आणि आई गेली तेव्हा काय झालं, ते आठवायचं नाही असं ती ठरवायची आणि मग तेच आठवायची. आई गेली तेव्हा धाकटी परगावी होती, तिला पोचायला उशीर झाला, दफन होऊन गेलं होतं. ऑपरेटरबाई या खोलीत, याच भिंतीशी, सात दिवसांच्या शोकाला बसली होती. घर माणसांनी भरलेलं. त्या सात दिवसांत भेटायला येणाऱ्यांचा एक रिवाज असतो. शोकाला बसलेलं माणूस आपणहून बोलेपर्यंत येणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. गुपचूप बसायचं. रिवाज शहाणपणाचाच आहे, नाहीतर लोक येऊन काय काय बडबडतील, सोय नाही. तर अशाच एका दुपारी धाकटी दारात आली. कुणीतरी, बहुधा त्या शिंपीणबाईंनीच, तिच्यामागे खुर्ची सरकवली आणि ती बसली. खुर्चीवर. पाहुण्यांसारखी. ऑपरेटरबाई खालून तिच्या पायांकडे बघत होती. पायांत चामड्याच्या सँडल होत्या, प्रवासाच्या धुळीने भरलेल्या, आणि उजव्या पायाचा अंगठा सारखा आत वळत होता. लहानपणापासूनची खोड, रडू आवरायचं असलं की. काढ ना त्या सँडल, ऑपरेटरबाई मनातल्या मनात म्हणत होती. ये ना खाली. तू काय पाहुणी आहेस? ही जागा ठेवली आहे माझ्या शेजारी, कुणाला बसू दिलं नाही इथे. ये ना गं. पण तोंडाने नाही म्हणाली. लेकीला आईच्या शोकाला बसायचं आमंत्रण द्यायचं असतं का? आणि खुर्चीवरची धाकटी तिच्याकडे बघत होती, एकटक, जणू कशाची तरी वाट बघत होती. बराच वेळ गेला. मग धाकटी उठली, आणि पाहुणे उठताना जे वाक्य म्हणतात ते म्हणाली, "देव तुझं सांत्वन करो." आणि गेली. सख्ख्या बहिणीला. तुझं! म्हणजे हिची काही ती आई नव्हती!

ते 'तुझं' ऑपरेटरबाईच्या काळजात रुतून बसलं होतं. त्यावर तिने वर्षं काढली. वाईट वाटून घ्यायलाही काहीतरी लागतं माणसाला, तिला हे पुरलं. पण आज, याच जमिनीवर पोटात आग पडलेली असताना, तिला एकदम त्या दुपारची दुसरी बाजू दिसली, टेबलाची खालची बाजू दिसावी तशी. येणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. धाकटी बाहेर पडली होती, परक्या घरात राहत होती, पण रिवाज विसरली नव्हती. ती कशाची वाट बघत होती? अगं बाई. ती वाट बघत होती की मी बोलेन. शोकाला बसलेली मी होते. आधी बोलायचं ते मी. मी "ये" म्हटलं असतं तर ती खाली आली असती. मी बोलले नाही, म्हणून तिला वाटलं की तिची जागा खुर्चीवरच आहे. ती नियमाने गप्प, मी हट्टाने गप्प, आणि घरभर माणसं, एकाच्याही लक्षात आलं नाही. ऑपरेटरबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दिवसाला शेकडो लोकांना जोडून देणारी बाई ही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. उन्हाचा पट्टा सरकून टेबलाच्या पायाशी गेला होता, दुपार टळली होती. आता खुर्चीवर बसलेलं चालतं. उपास संध्याकाळपर्यंत, पण जमिनीवरचं बसणं दुपारी संपतं. ती भिंतीला धरून उठली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, ते जाईपर्यंत उभी राहिली. आईच्या हयातीत या वेळेला घरात एकच धांदल उडायची. आई केरसुणी घ्यायची. सकाळी जिने हाताला पाणी लावलं नाही ती दुपारी अख्खं घर झाडायची, पदर खोचून. "आज तो जन्माला येतो," म्हणायची. तो म्हणजे मसीहा, सगळ्यांना सोडवणारा. "ज्या दिवशी घर पडलं त्याच दिवशी त्याचा जन्म. बाळंतघरात कुणी कचरा ठेवतं का? उठा, सरका!" लहानपणी धाकटी विचारायची, "आणि आलाच नाही तर?" आई म्हणायची, "तर घर तरी झाडून झालं." आई गेल्यापासून ऑपरेटरबाईने या दुपारी कधी झाडलं नव्हतं. दिवस संपेपर्यंत तशीच खाली बसून राहायची. तेवढाच एकटेपणा नियमात बसवायची. आज का कुणास ठाऊक, तिने दारामागची केरसुणी घेतली.

झाडताना जरा बरं वाटलं. पलंगाखालून धुळीचे पुंजके निघाले, टेबलाखालून पावाचे वाळके तुकडे, खिडकीशी एक मेलेलं झुरळ. ते तिने "जा बाबा" म्हणून पुढे ढकललं. सगळं दाराशी गोळा केलं आणि सुपली टेकवली. एका हाताने केर ओढायचा तर सुपली मागे सरकते. तिने पायाने दाबून धरली. केर आत गेला, पण सुपलीच्या कडेशी धुळीची एक रेघ राहिली. तिने सुपली मागे घेतली, पुन्हा ओढलं, पुन्हा रेघ. पुन्हा मागे, पुन्हा रेघ, जरा बारीक, पण आहेच. आई झाडायची तेव्हा सुपली धाकटी धरायची, उकिडवी बसून, नाक दुसऱ्या हाताने दाबून, आणि नेमकी तिरकी करायची. काय करायची ते तिलाच माहीत, रेघ राहायची नाही. ऑपरेटरबाई सुपलीवर पाय ठेवून उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. हमसून हमसून रडली. देवाच्या घरासाठी सकाळी डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, आणि आता धुळीच्या रेघेसाठी हे. मग तिने तोंड पुसलं, केरसुणी होती तिथेच टाकली, ती रेघ तशीच ठेवली आणि कापडी बूट पायात अडकवून बाहेर पडली.

बसमध्ये उभं राहवेना म्हणून एका माणसाकडे जागा मागितली. त्याने दिलीही. मागितली की देतात, हे तिला नवीनच होतं. धाकटीचं घर बस डेपोच्या मागे, ते तिला ठाऊक होतं, गेली नव्हती कधी. वाटेत ती वाक्यं जुळवत होती. "सकाळी घाईत होते," नको, खोटं. "आज तो दिवस आहे म्हणून," नको, तेही अर्धंच खरं. शिवाय तिच्या घरचा दिवस असाच गेला असेल, कामाधामात, जेवूनखाऊन, आपण जाऊन उगाच दारात उभं राहायचं आणि ती म्हणायची, कोण पाहिजे? किंवा दार उघडून मान खाली घालून आत निघून जायची. फिट्टंफाट. आणि तसं झालं तर मग जगात कुणीच उरणार नाही. आजवर निदान एक रुसलेली बहीण होती. रुसलेलं माणूस म्हणजे काही नसण्यापेक्षा बरंच असतं. डेपोशी उतरून ती चक्क परतीच्या बसकडे वळली होती, तेवढ्यात कंडक्टरने दोरी ओढली आणि बस गेली. तेव्हा कुठे ती पुढे चालू लागली.

दार मेहुण्याने उघडलं. केस विस्कटलेले, हातात पाना. तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला की तिला कसंसंच झालं.

"ताई! बरं झालं बाई तुम्ही आलात." आणि मग आवाज खाली आणून, "सकाळी बाहेर गेली होती. आली ती पायातलं काढलं आणि जमिनीवर बसली. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. विचारलं तर बोलत नाही. सुट्टी टाकून बसलोय घरी. मला काही कळत नाही हो. कोण गेलं?"

काय सांगावं त्याला? दोन हजार वर्षांपूर्वी एक मोठं घर पडलं, हे?

"आमची आई," ती म्हणाली.

तो बघत राहिला. "त्या तर केव्हाच…"

"हो. तेव्हाच."

तो बाजूला झाला. आतल्या खोलीत धाकटी भिंतीशी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, अनवाणी. डोळे सुजलेले. तिने वर पाहिलं. मेहुण्याने लगबगीने खुर्ची आणली, फडक्याने पुसली आणि ऑपरेटरबाईच्या मागे ठेवली. "बसा ना ताई." चांगल्या घरातलं वळण. ऑपरेटरबाईने खुर्चीकडे पाहिलं. मग तिने कापडी बूट काढले आणि धाकटीच्या शेजारी खाली बसली, खांद्याला खांदा लागेल अशी. बसताना गुडघा कटकन वाजला. आता आधी कोण बोलणार? येणाऱ्याने बोलायचं नाही, बसलेलीने बोलायचं. पण आता तर दोघीही बसलेल्या. कुणीही बोललं असतं तरी चाललं असतं, आणि म्हणूनच की काय, बोलायला फार जड गेलं.

"तेव्हा मी म्हणायला हवं होतं," ऑपरेटरबाई म्हणाली. "आईच्या वेळी. ये, खाली बस, असं. जागा ठेवली होती तुझ्यासाठी. मला वाटलं, तुला काय सांगायचं, तू आपली येशील."

धाकटीच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळला. "मला वाटलं, तू मला त्यातली धरत नाहीस," ती म्हणाली. "मी किती वाट बघितली. तू नुसती माझ्या पायांकडे बघत होतीस."

"सँडल काढ म्हणत होते."

"मनात?"

"मनात."

"तुझं मन काय लाऊडस्पीकर आहे का गं?" धाकटी म्हणाली, आणि दोघींना हसू आलं. त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते दोघींना कळलं नाही. मेहुणा दारातून डोकावला, बघून चटकन आत गेला आणि आतून उगाच पान्याची ठोकाठोक ऐकू येऊ लागली.

"आज सकाळी मला तारीखच लक्षात नव्हती," धाकटी नाक पुसत म्हणाली. "तू मान खाली घातलीस तेव्हा तुझे बूट दिसले. मग आठवलं. आणि म्हटलं, नियमाने नाही बोलली की मनाने नाही बोलली, हे मला आता कसं कळणार? घरी येऊन बसले. म्हटलं, आपणही पाळून बघू."

"अगं, पण दुपार टळून गेली. दुपारनंतर खाली बसायचं नसतं. उठायचं असतं."

"मला काय माहीत? मी नेहमी तोवर झोपलेली असायचे. आई झाडायला लागली की उठायचे."

"ऊठ मग."

"तू आधी."

"मला उठवत नाही. हात दे."

दोघी एकमेकींना धरून उठल्या, एक भिंतीला टेकून, दुसरी खुर्चीच्या पाठीला. धाकटीने तिला त्या पुसलेल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर पलंगाच्या कडेवर बसली. खिडकीबाहेर डेपोतल्या बसा निघत होत्या, ऊन पिवळं होत चाललं होतं. संध्याकाळला अजून अवकाश होता.

"तू सकाळी आलीस कशी माझ्या रस्त्याला?" ऑपरेटरबाईने विचारलं.

"तुझ्याकडेच येत होते. आधी फोन केले होते मी. तुझ्या हॉस्पिटलात, दोन-तीनदा. तू उचललास. 'नमस्कार, बोला,' म्हणालीस. इतकं छान म्हणालीस ना, इतकं हसरं, की मी ठेवूनच दिला. म्हटलं, ताई मजेत आहे. आपण कशाला मध्ये?" तिने पलंगपोसाचा दोरा ओढला. "पण मग राहवेना. म्हटलं, एकदा तोंड बघून विचारावं. तर तोंडच दाखवलं नाहीस."

धाकटी उठली, तिच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि लहानपणी विचारायची तसा चेहरा पुढे आणून म्हणाली, "कशी आहेस, ताई?"

"आज विचारायचं नसतं."

"माहीत आहे. विचारलंय."

तेव्हा ऑपरेटरबाईने मान किंचित खाली घातली आणि नियमात सांगितलंय तसं, अगदी हळू आवाजात, उत्तर दिलं.

"एकटी आहे गं," ती म्हणाली. "फार एकटी आहे."